एदित पियाफच्या फोटोची मागची बाजू

प्रश्न थोडक्यात असा. फ्रान्समध्ये ल्योंला राहणाऱ्या एका ताईंनी तिथल्या जुन्या बाजारातून गायिका एदित पियाफचा कृष्णधवल फोटो ६० युरोंना घेतला. आकार १८ बाय २४ सेंटिमीटर. पुढे खालच्या बाजूला काळ्या शाईतली सही. मागे एका वृत्तछायाचित्र संस्थेचा जांभळा शिक्का, तारखेचा शिक्का, पेन्सिलीतले आकडे, निळ्या पेन्सिलीच्या रेघा आणि डिंकाचा पिवळा डाग. विकणारा म्हणाला, ‘१९४६ चा अस्सल फोटो आहे, सही खुद्द पियाफची, ८०० युरो कुठेही मिळतील.’ ताई विचारतात: फोटो खरा आहे का? किंमत किती? मागची घाण खोडरबरानं काढू का? आणि रत्नागिरीला आईकडे नेऊन भिंतीवर लावला तर चालेल का? सोबत त्यांनी मोबाइलवर काढलेली नऊ छायाचित्रं पाठवली आहेत.

ताई, सगळ्यात आधी खोडरबर बाजूला ठेवा. ज्याला तुम्ही घाण म्हणताय तीच या फोटोची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पियाफचा चेहरा त्या निगेटिव्हवरून निघालेल्या प्रत्येक प्रतीवर सारखाच असणार. त्या दहा असोत की दहा हजार. मागचे शिक्के, आकडे आणि डाग मात्र फक्त तुमच्या प्रतीचे आहेत. ही प्रत कधी जन्मली, कुणाच्या टेबलावरून कुणाच्या टेबलावर गेली, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही. मी गेली सव्वीस वर्षं जुन्या फोटोंचं मूल्यांकन करते, त्यातली अकरा पॅरिसमध्ये गेली. आजही फोटो हातात आला की मी तो आधी उलटा ठेवते आणि चेहरा शेवटी बघते.

‘खरा आहे का’ या प्रश्नाची फोड करावी लागेल, कारण फोटोला दोन वयं असतात. एक निगेटिव्हचं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर माणूस बसला त्या दिवसाचं. दुसरं कागदाचं, म्हणजे अंधाऱ्या खोलीत ही विशिष्ट प्रत काढली त्या दिवसाचं. विकणारा नेहमी पहिलं वय सांगतो आणि बाजार दुसऱ्याचे पैसे देतो. निगेटिव्ह तयार झाल्यावर लवकरच, साधारण चार-पाच वर्षांच्या आत, छायाचित्रकारानं स्वतः काढलेली किंवा आपल्या देखरेखीखाली काढून घेतलेली प्रत म्हणजे व्हिंटेज प्रिंट. फ्रेंच व्यापारी तिला ‘तिराज देपोक’ म्हणतात, त्या काळची प्रत. त्याच निगेटिव्हवरून तीस वर्षांनी काढलेली प्रत बनावट नसते, पण ती वेगळी वस्तू असते आणि तिची किंमतही वेगळी असते.

हा फरक केवढा असू शकतो त्याचं एक उदाहरण. पॅरिसच्या नगरभवनासमोर चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा रोबेर दुआनोचा फोटो तुम्ही पाहिलेला असणार. भित्तिपत्रक, कॅलेंडर, कॉफीचा मग, त्याला कुठेच तोटा नाही. १९५० मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकासाठी तो काढला गेला आणि त्यातली मुलगी नाट्यशिक्षण घेणारी फ्रांस्वाज बोर्ने होती. फोटो काढल्यावर काही दिवसांतच दुआनोनं तिला एक प्रत दिली, मागे शिक्का आणि सही असलेली. ती तिनं पंचावन्न वर्षं जपली. एप्रिल २००५ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्या एका प्रतीला १ लाख ५५ हजार युरोंची बोली लागली. त्याच निगेटिव्हच्या, दुआनोनं उतारवयात काढून सही केलेल्या प्रती याच्या एका लहानशा अंशात मिळतात. प्रतिमा तीच आणि सहीही खरीच. पैसे मोजले गेले ते ती प्रत कधी निघाली आणि कुणाच्या हातात राहिली यासाठी.

आता तुमची प्रत. ती कशासाठी काढली गेली, हा माझा पहिला प्रश्न. त्या काळात फ्रान्समध्ये प्रसिद्ध व्यक्तींचे फोटो अनेक वाटांनी निघत आणि प्रत्येक वाटेच्या खुणा वेगळ्या. सगळ्यात प्रसिद्ध वाट आर्कूर स्टुडिओची. कोझेत आर्कूर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये तो सुरू केला. सिनेमाच्या सेटवर वापरतात तसे स्थिर दिवे, काळोखी पार्श्वभूमी, एका बाजूनं उजळलेला चेहरा, आणि निगेटिव्हवरच पेन्सिलीनं नि पात्यानं हात फिरवून काढून टाकलेल्या सुरकुत्या. कोपऱ्यात स्टुडिओची तिरकी सही. कॅमेरा कुणी चालवला त्याचं नाव मात्र कुठेही नसे. रोलाँ बार्त या विचारवंतानं आर्कूरमधल्या या नटांवर स्वतंत्र लेख लिहिला होता. काळाच्या बाहेर नेऊन ठेवलेले चेहरे आहेत ते, म्हणून नुसत्या चेहऱ्यावरून त्यांचं साल ठरवायला जाऊ नये. १९९१ मध्ये फ्रेंच सरकारनं या स्टुडिओच्या सुमारे ५० लाख निगेटिव्ह विकत घेतल्या. त्या सरकारी संग्रहात सुखरूप आहेत, त्यामुळे आर्कूरचं चित्र म्हणून फारसं दुर्मीळ काही नसतं. जुनी, स्टुडिओतूनच त्या काळी गिऱ्हाइकाला दिलेली प्रत मात्र असते.

दुसरी वाट रंगभूमीची. नाट्यदिग्दर्शक ज्याँ विलारच्या, सामान्य लोकांसाठी नाटकं करणाऱ्या संस्थेसाठी आन्येस वार्दा फोटो काढत असे. ती पुढे चित्रपट दिग्दर्शिका म्हणून नावारूपाला आली. जेरार फिलीपचे तिनं काढलेले रंगमंचावरचे फोटो तिच्या शिक्क्यासह मिळाले तर ते नटाचे फोटो म्हणून विकले जात नाहीत, वार्दाचे म्हणून विकले जातात. सिनेमाच्या सेटवरच्या छायाचित्रकाराची वाट आणखी वेगळी. त्याच्या प्रती निर्मात्याच्या, जाहिरातीसाठी वाटल्या जाणाऱ्या. त्यांवर बहुधा वितरकाचं नाव सापडतं, छायाचित्रकाराचं क्वचितच. आणि सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे पोस्टकार्डाच्या आकाराचे, चाहत्यांसाठी हजारोंनी काढलेले फोटो. ते आजही ल्योंच्या कुठल्याही बाजारात खोक्यात उभे रचलेले दिसतील, चार-पाच युरोंना एक.

तुमची वाट वृत्तसंस्थेची. शिक्का संस्थेचा आहे, छायाचित्रकाराचा नाही. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण विकणारे तो मुद्दाम धूसर ठेवतात. संस्था म्हणजे वाटप करणारी. ती आपल्या छायाचित्रकारांच्या प्रती वाटे, तशाच बाहेरून मिळवलेल्या प्रतीही वाटे. नुसत्या शिक्क्यावरून ‘अमक्यानं काढलेला’ असं म्हणता येत नाही.

कागदाकडे वळू. १८ बाय २४ हा युरोपातला नेहमीचा आकार. १३ बाय १८, २४ बाय ३० ही त्याचीच भावंडं. फोटो ८ बाय १० इंची निघाला असता तर मी अमेरिकेकडे किंवा नंतरच्या काळाकडे बघितलं असतं. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात कड जवळून दिसते. कागदाचे तंतू सुटलेत आणि कोपरा दबून पापुद्रे आलेत. म्हणजे कागद जुन्या पद्धतीचा: खाली कागद, वर बेरियम सल्फेटचा पांढरा थर, त्यावर चांदीचे कण धरून ठेवणारं जिलेटिन. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा लेप दिलेला कागद आला. त्याची पाठ बोटाला गुळगुळीत लागते आणि कडेला तंतू सुटत नाहीत. तसा कागद असता तर १९४६ ची गोष्ट तिथेच संपली असती.

पहिल्या छायाचित्रात गडद कडांवर मोरपिसासारखी निळसर चंदेरी झाक दिसते. ती मळ म्हणून पुसू नका. चांदीचे कण हवेतल्या वायूंनी गंजून पृष्ठभागावर येतात आणि तिथे पुन्हा धातू होऊन चमकतात. याला वर्षं लागतात. मात्र ही झाक वय मोजायची पट्टी नव्हे. वाईट साठवणीत ती लवकर येते, चांगल्या पेटीत पन्नास वर्षांनीही येत नाही.

एक तपासणी तुम्ही घरीच करा. नोटा तपासायची जांभळी टॉर्च घ्या आणि अंधारात फोटोच्या पांढऱ्या कडेवर आणि पाठीवर धरा. आपल्याकडे पांढरे कपडे उजळ दिसावेत म्हणून टिनोपाल घालायचे, आठवतं? त्याच जातीचं रसायन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून फोटोच्या कागदात घालू लागले. ते असेल तर कागद टॉर्चखाली निळा-पांढरा झळाळून उठतो. तसा उठला, तर कागद १९४६ चा असूच शकत नाही. नाही उठला, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण हे रसायन नसलेले कागद नंतरही निघत राहिले. साधी वाटते, पण याच कसोटीनं मोठमोठे व्यवहार उलटवले आहेत. अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन १९४० मध्ये वारला. त्याच्या हातच्या म्हणून महाग विकल्या गेलेल्या कितीतरी प्रतींच्या कागदात १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे रसायन सापडलं. मेलेला माणूस पुढच्या दशकातल्या कागदावर प्रत काढू शकत नाही.

आणि आता शिक्का, माझ्या आवडीचा भाग. तुमच्या शिक्क्यातला दूरध्वनी क्रमांक ‘ओडेओं’ या नावानं सुरू होतो आणि पुढे चार आकडे आहेत. पॅरिसमध्ये १९२८ पासून क्रमांक असेच सांगत: केंद्राच्या नावाची पहिली तीन अक्षरं, मग चार आकडे. दूरध्वनीच्या तबकडीवर आकड्यांबरोबर अक्षरंही असत, ओडेओंची अक्षरं फिरवली की ०३३ होई. ऑक्टोबर १९६३ पासून अक्षरं गेली आणि सगळे आकडे आले. २५ ऑक्टोबर १९८५ ला क्रमांक आठ आकडी झाला, १८ ऑक्टोबर १९९६ ला दहा आकडी. पत्ताही असाच बोलतो. तुमच्या शिक्क्यावर ‘पॅरिस’ आणि पुढे रोमन सहा आहे, म्हणजे शहराचा सहावा विभाग. पाच आकडी टपाल क्रमांक १९७२ मध्ये आले, त्यानंतरचा शिक्का असता तर ७५००६ दिसलं असतं. कुठे पेन्सिलीत किंमत लिहिलेली सापडली तर तीही वाचा. १ जानेवारी १९६० ला नवा फ्रँक आला, जुने शंभर म्हणजे नवा एक. त्यानंतरची काही वर्षं लोक ‘नवे फ्रँक’ असं मुद्दाम लिहीत.

एवढंच ध्यानात ठेवा की रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरला जातो. नवा क्रमांक आला म्हणून संस्था दुसऱ्या दिवशी जुना शिक्का फेकत नाही. उलट चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रतीवर नवा शिक्काही मारला जातो. शिक्का स्वतःचं वय सांगतो. प्रतीचं वय त्याच्याशी जुळवून पाहावं लागतं.

तुमच्या बाबतीत ते जुळवता येतं, कारण तारखेचा शिक्का आहे. सहाव्या छायाचित्रात तो पुसट आहे. मी मोठा करून, रंग उलटे करून पाहिला: १२ ऑक्टोबर १९६३. ताई, विकणाऱ्यानं ही तारीख वाचली नाही, हे तुमचं भाग्य. पियाफ १० ऑक्टोबर १९६३ ला दक्षिण फ्रान्समधल्या प्लास्कासिए इथे गेली. तिचं पार्थिव गुपचूप पॅरिसला आणलं गेलं आणि मृत्यू ११ तारखेला जाहीर झाला. त्याच दिवशी तिचा मित्र, कवी आणि चित्रपटकार ज्याँ कोक्तोही गेला. १४ तारखेला पेर लाशेझ दफनभूमीत तिला निरोप द्यायला अफाट गर्दी लोटली, जरी पॅरिसच्या आर्चबिशपांनी चर्चमधला विधी नाकारला होता. म्हणजे तुमच्या प्रतीच्या पाठीवरची तारीख मृत्यू जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. निळ्या पेन्सिलीच्या रेघा म्हणजे छापताना कुठवर कापायचं त्याच्या खुणा. शेजारचा ‘२ कॉ.’ म्हणजे बहुधा दोन स्तंभ रुंदी. डिंकाचा डाग म्हणजे तिथे टंकलिखित मजकुराची चिठ्ठी चिकटवलेली होती. कुठल्या तरी संपादकीय खोलीत, त्या शनिवारी, कुणीतरी घाईघाईनं या फोटोवर रेघा मारल्या. हेच तुम्ही खोडायला निघाला होतात.

पण याच तारखेमुळे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि इथे बातमी वाईट आहे. तिसऱ्या छायाचित्रात डाव्या खांद्यापासून खाली एक बारीक पांढरी घडी दिसते. ती सहीच्या शेपटाला छेदून जाते. फोटोचा कागद दुमडला की जिलेटिनचा थर तडकतो, आतला पांढरा कागद उघडा पडतो आणि पाठीवर त्याच जागी उंचवटा किंवा खाच येते. तुमच्या सातव्या छायाचित्रात पाठ बाजूच्या उजेडात आहे, आणि तिथे काहीच नाही. चौथ्या छायाचित्रात खिडकीचं प्रतिबिंब फोटोवर पडलंय. ते घडीच्या जागेवरून अखंड, सरळ गेलंय. घडी खरी असती तर ते तिथे मोडलं असतं. माझ्या मते ही घडी तुमच्या कागदावर नाही, ती फोटोत आहे. दुसऱ्या एका दुमडलेल्या प्रतीचा फोटो काढून त्यावरून ही प्रत तयार झाली. फ्रेंचमध्ये याला ‘काँत्रतीप’ म्हणतात. बाकीच्या खुणाही तेच सांगतात. तिचा काळा पोशाख एकसंध डांबरासारखा झालाय, एक चुणी दिसत नाही. कपाळाचा उजळ भाग कोरा पांढरा आहे. प्रतीवरून प्रत काढली की दोन्ही टोकांचे बारकावे असेच गळतात.

मग सही? काळ्या शाईची सही घडीपाशी ना फुटली आहे, ना फुगली आहे. शाई खरी असती आणि घडी नंतर पडली असती, तर रेघ तुटली असती. घडी आधीची असती, तर शाई तडकलेल्या जागी शोषली जाऊन पसरली असती. मला वाटतं सही मूळ प्रतीवर होती आणि तिचाही फोटो निघाला. खात्री करायची असेल तर फोटो टेबलावर सपाट ठेवा, टॉर्च कागदाच्या पातळीला आडवी धरा आणि सहीकडे बघा. शाई वर असेल तर चमक बदलेल किंवा टाकाची खाच दिसेल. सहीच्या रेघेवरही आजूबाजूसारखीच एकसारखी चमक असेल तर ती जिलेटिनच्या आत आहे. पियाफनं मूळ फोटोवर कदाचित खरंच सही केली असेल. पण तिचं पेन तुमच्या कागदाला लागलेलं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त आनंद त्या सहीचाच होता.

सहीबद्दल आणखी थोडं, पुढच्या खरेदीसाठी. पेनाचंही वय असतं. स्वस्त बॉलपेन फ्रान्समध्ये घरोघरी पोचलं ते १९५० च्या अखेरीस बिक बाजारात आल्यानंतर. मऊ टोकाची स्केचपेनसारखी पेनं रुळली ती १९६० च्या दशकात. जेरार फिलीप नोव्हेंबर १९५९ मध्ये गेला. त्याची स्केचपेननं केलेली सही कुणी दाखवली तर पैसे खिशातच ठेवा.

ही प्रत बनावट आहे का? नाही. कुणालाही फसवायला ती काढलेली नाही. मूळ निगेटिव्ह हाताशी नव्हती, वर्तमानपत्रांना त्याच दिवशी फोटो हवे होते, म्हणून संस्थेनं मिळालेल्या प्रतीवरून प्रती काढल्या असाव्यात. तेव्हाची ही रोजची रीत. वस्तू १९६३ ची, अस्सल वृत्तछायाचित्र. फसवलं असेल तर तिला १९४६ ची सहीची प्रत म्हणून विकणाऱ्यानं.

एक अनुभव सांगते, कारण तुम्ही फ्रेम करण्याबद्दलही विचारलंय. कामाच्या पहिल्या काही वर्षांत एका कुटुंबानं मला नटाचं फ्रेम केलेलं चित्र आणून दिलं, आणि फ्रेम उघडू नका अशी विनंती केली, काच जुनी होती म्हणून. मी पुढून पाहिलं, रंगछटा पाहिल्या, १९५० चं दशक असं लिहून दिलं. दोन वर्षांनी काच फुटली, फ्रेम उघडली आणि आत प्लास्टिकचा लेप असलेला कागद निघाला. मी लिहून दिलेल्या मूल्यांकनाच्या आकड्यानुसार भावंडांमध्ये वाटणी झाली होती. मी पैसे परत केले, नवा कागद लिहून दिला, पण एका घरात वितुष्ट आलं ते आलंच. तेव्हापासून फ्रेममधल्या फोटोचं मूल्यांकन मी लिहीत नाही, कुणीही सांगितलं तरी.

आता आकडा. संस्थेच्या शिक्क्याची, छायाचित्रकाराचं नाव नसलेली, पियाफसारख्या व्यक्तीची वृत्तप्रत माझ्या अनुभवात ४० ते १२० युरोंमध्ये फिरते. काँत्रतीप असेल तर खालच्या टोकाला. मृत्यूच्या आठवड्याची तारीख आणि संपादकाच्या खुणा तिला थोडं वर ढकलतात, कारण अशा प्रती मुद्दाम गोळा करणारे लोक आहेत. मी ७० ते ९० लिहीन. म्हणजे तुमचे ६० युरो वाया गेलेले नाहीत. ही रक्कम विमा उतरवण्यासाठी धरता येईल. विकायला गेलात तर हातात एवढे पडणार नाहीत, कारण लिलावगृह विकणाऱ्याकडून दलाली कापतं आणि घेणाऱ्याकडून हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे अखेरच्या बोलीवर, पंचवीस-तीस टक्के वेगळे घेतं. ८०० युरो कधी झाले असते? सही शाईत असती, प्रत थेट निगेटिव्हवरून असती आणि मागे ओळखीच्या छायाचित्रकाराचा शिक्का असता, तर त्याच्या पुढेही गेली असती.

पुढच्या वेळी पावती मागा आणि तिच्यावरचे शब्द बघा. फ्रान्समध्ये मार्च १९८१ चा एक आदेश आहे, त्यात कलावस्तू विकताना वापरायच्या शब्दांचे अर्थ बांधून दिलेत. नुसतं ‘अमक्याचं’ लिहिलं तर तो कर्ता असल्याची हमी झाली. ‘अमक्याचं मानलं जातं’ लिहिलं तर वस्तू त्याच्या काळातली आहे आणि तो कर्ता असण्याला सबळ कारण आहे, एवढीच हमी. ‘अमक्याच्या शैलीत’ यात हमी शून्य. तोंडी ‘अस्सल’ला यातल्या कशाचंच वजन नाही. आणि १९५० च्या म्हणून दाखवलेल्या प्रतीवर कोपऱ्यात ‘५/३०’ असा क्रमांक दिसला तर सावध व्हा. फोटोंच्या मर्यादित, क्रमांकित प्रती काढण्याची चाल रुळली ती गॅलऱ्यांचा बाजार वाढल्यावर, १९७० च्या दशकापासून.

मालकीबद्दल एक वाक्य: कागद तुमचा आहे, प्रतिमा नाही. फ्रान्समध्ये छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात, म्हणून त्यावरून भित्तिपत्रकं काढून विकू नका.

राहिलं रत्नागिरी. ताई, मी कोकणातलीच, म्हणून स्पष्ट सांगते: पावसाळ्यात भिंतीवर लावू नका. जिलेटिन म्हणजे शेवटी हाडा-कातड्यातून काढलेला सरस. हवेत ओल वाढली की ते फुगतं, चिकट होतं, काचेला चिकटलं तर सोडवताना चेहरा काचेबरोबर येतो, आणि बुरशीला तर ते खाद्यच. लावायचाच असेल तर एका चांगल्या छापील प्रतीची फ्रेम करा आणि मूळ फोटो पेटीत ठेवा. फ्रेम करणाऱ्याच्या हातात मूळ द्याल तर तो आधी पाठीला पुठ्ठा चिकटवेल, आणि १२ ऑक्टोबर १९६३ कायमचा गेला. पेटीत ठेवताना आम्लरहित कागदाचा लिफाफा घ्या. प्लास्टिकचा नको, दमट हवेत गुळगुळीत प्लास्टिक जिलेटिनला चिकटून डाग पाडतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर काही आठवड्यांनी बदला. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, घराच्या मधल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं. डिंकाच्या डागाला पाणी, स्पिरिट, थुंकी काहीही लावू नका. तो साठ वर्षं काही करत नव्हता, पुढेही करणार नाही.

आता दोन कामं करा. जांभळ्या टॉर्चखाली पांढऱ्या कडेचा एक फोटो, आणि आडव्या उजेडात सहीचे तीन-चार फोटो, कोन थोडा थोडा बदलून, मला पाठवा. शिवाय पाठीवरचे पेन्सिलीतले आकडे नीट उतरवून घ्या, कारण त्यातला लांब आकडा बहुधा संस्थेच्या नोंदवहीचा आहे. पॅरिसच्या अनेक जुन्या संस्थांचे संग्रह आज मोठ्या संग्रहांमध्ये विलीन झालेत. उदाहरणार्थ, राफो संस्थेचा गामा-राफोकडे, लिपनित्स्की स्टुडिओचा रोजे-व्हिओलेकडे. तुमच्या संस्थेचा वारस कोण ते मी शोधते. त्यांच्या नोंदवहीत तो आकडा सापडला तर मूळ फोटो कुणी आणि कधी काढला ते कळेल, आणि मूल्यांकनाचा कागद मी त्यानंतरच लिहीन.